एक पॉइंट तेहतीस व्होल्ट

सातवीत ती माझ्या वर्गात होती, तेव्हा गणित चुकलं तरी खोडरबर वापरायची नाही. चुकीवर एक सरळ रेघ मारायची आणि खाली पुन्हा मांडायची. "चूक दिसली पाहिजे ना, सर, नाहीतर पुन्हा तीच होईल," असं मलाच ऐकवायची. आज ती बावन्न वर्षांची आहे आणि प्लास्टिकच्या वस्तूंसाठी पोलादी साचे बनवणाऱ्या कारखान्यात काम करते. तिथे सगळे तिला ताई म्हणतात. फक्त लेथवरचे मामा 'हट्टीबाई' म्हणतात, तेही तोंडावर.

साच्याचं चित्र कॉम्प्युटरवर काढायचं आणि मिलिंग मशीनचं हत्यार पोलादावरून कसकसं फिरेल ते कॉम्प्युटरकडून आखून घ्यायचं, हे ताईचं काम. कॉम्प्युटर जुना, पण बदलायची सोय नाही. सॉफ्टवेअरचा परवाना त्याच मदरबोर्डला बांधलेला आणि परवाना देणारी कंपनी कधीच बंद पडलेली. ताईची वीस वर्षांची चित्रं त्यातच उघडतात.

गेल्या वर्षी खुर्चीच्या पाठीचा साचा आला. पाठीवर वेताच्या विणीसारखी नक्षी होती. ती आखायला कॉम्प्युटरला साडेनऊ तास लागत. पाळी आठ तासांची, आणि संध्याकाळी कारखान्याची वीज बंद. मालकांच्या भाच्याने मंगळवारी बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये जाऊन वेग तीस टक्क्यांनी वाढवला. प्रोसेसर तापू नये म्हणून त्यावरचा चपटा पंखा काढून वीतभर उंचीचा उभा पंखा बसवला. कॉम्प्युटर दिवसात तीनदा गोठला, म्हणजे मध्येच अडकून बसला.

"बोर्ड म्हातारा झालाय, ताई," भाचा म्हणाला. "प्रोसेसर बघा, बावन्न अंश, गारेगार. म्हणजे बोर्डच गेला."

मालकांनी लगेच निकाल दिला. "हे काम आता बाहेर देऊ. सोमवारी टेबल मोकळं करा. तुम्हाला गोदामात बसवतो. तिथे दगदग नाही."

"दगदग नाही म्हणजे काम नाही," ताई म्हणाली. "मी एका पाळीत काढून दिलं तर?"

"शनिवारपर्यंत दाखवा. मग बोलू."

मालक गेल्यावर तिने खोक्याचं झाकण काढलं. प्रोसेसरशेजारी ॲल्युमिनियमच्या बुटक्या पट्ट्यांखाली आणखी एक चिप असते. प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातली सगळी ने-आण तिच्यामार्फत होते. तिला चिपसेट म्हणतात. त्या पट्ट्यांना बोट लावलं आणि बोट पोळलं. ताईने भट्टी विभागातून दुरून तापमान मोजणारी बंदूक आणली. शहाण्णव अंश.

"जुना पंखा खाली वारा मारायचा," तिने भाच्याला सांगितलं. "प्रोसेसरला लागून उरलेला वारा हिला मिळत होता. तुझा पंखा आडवा फुंकतो. एकीला थंड केलंस आणि शेजारणीचा श्वास कोंडलास."

"अहो ताई, पण महागाचा पंखा आहे!"

"असेल. वारा कुठे जातो ते बघ ना."

तिथेच ती थांबली नाही. चिपसेटच्या व्होल्टेजपुढे 'ऑटो' लिहिलेलं होतं. मूळ व्होल्टेज एक पॉइंट पंचवीस. पण वेग वाढवताच बोर्डाने आपल्या मनाने एक पॉइंट पन्नास द्यायला सुरुवात केली होती. व्होल्टेज वाढलं की उष्णता वाढते, आणि वारा तर तोडलेला. ताईने ऑटो काढून टाकलं. बुधवारी सकाळी मूळ आकडा हाताने भरला; कॉम्प्युटर चार मिनिटांत गोठला. एक पॉइंट सत्तावीस, वीस मिनिटं. एकोणतीस, दीड तास. एकतीसला तिने पूर्वी आखलेला एक छोटा साचा पुन्हा आखून जुन्या फाइलशी ताडून पाहिला. कॉम्प्युटर चालत होता, पण हत्याराच्या वाटेच्या एका ओळीत फरक निघाला.

"एक ओळ!" भाचा हसला. "एवढं कोण बघतंय?"

"पोलाद बघतं," ताई म्हणाली आणि तेहतीस भरलं. फाइल तंतोतंत जुळली.

तेवढ्यात लेथवरचे मामा चहाचा कप घेऊन डोकावले. "काय हट्टीबाई, भट्टी इकडे हलवली वाटतं?"

"मामा, थट्टा नंतर करा. ह्या मापाचा ॲल्युमिनियमचा ठोकळा द्या. वर खाचा पाडा, खालची बाजू आरशासारखी हवी."

"आरसा कशाला, तोंड बघायला?"

"भाच्याला दाखवायला."

शुक्रवारी दुपारी ठोकळा आला. ताईने बुटक्या पट्ट्या काढल्या, चिपवरची वाळून खडखडीत झालेली उष्णतावाहक पेस्ट पुसली, नवी पातळ लावली, ठोकळा बसवला आणि काढून ठेवलेला चपटा पंखा त्याच्यावर आणून बांधला. बंदुकीने मोजलं तर एकोणसाठ.

शनिवारी आठ वाजता तिने खुर्चीची पाठ आखायला लावली. दर अर्ध्या तासाने ती तापमान लिहीत होती. साठ, बासष्ट, बासष्ट. जेवायला उठली नाही. मामांनीच डबा टेबलावर आणून ठेवला. अकराच्या सुमारास भाचा आला. आकडे बघून त्याचे डोळे चमकले.

"ताई, एवढं थंड आहे तर अजून दहा टक्के सहज जाईल. मी वाढवू?"

"हात लावून बघ."

"चिपला?"

"कीबोर्डला. मग सांगते."

तो हात खिशात घालून गेला. हे मला मामांनी सांगितलं, ताईने नाही.

तीन वाजून वीस मिनिटांनी आखणी संपली. सात तास वीस मिनिटं, एकदाही न गोठता. तिने फाइल मिलिंगवर पाठवली. हत्याराने पोलादावर पहिली फेरी सुरू केली, तसे मालक काचेपलीकडून पाहत उभे राहिले. मग आत आले.

"झकास! टेबल राहू द्या तुमचं. आता रोज ह्याच वेगाने चालवा. बाहेरचीही कामं घेऊ."

ताईने मान हलवली, पण होकारार्थी नव्हे. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला आणि बोर्डाच्या सेटिंग्ज उघडल्या.

"रोज नाही," ती म्हणाली. "मोठा साचा असेल त्याच दिवशी, आणि ते दिवस मी ठरवणार. मला निवृत्त व्हायला सात वर्षं आहेत. तोवर हा बोर्ड जगला पाहिजे."

"ताई, कारखाना माझा आहे."

"आहेच ना. मग दुसरा बोर्ड आणून द्या."

मालकांनी भाच्याकडे पाहिलं. भाचा जमिनीकडे पाहत होता. दुसरा बोर्ड मिळणार नाही हे तिघांनाही ठाऊक होतं.

"बरं," मालक म्हणाले.

तोवर ताईने वेग मूळ आकड्यावर आणून ठेवला होता.