घरजावयाचा समुद्र

नेंगाह रेना हा माणूस इतका सरळ होता की त्याच्याशी भांडायचं म्हटलं तरी समोरच्याची पंचाईत व्हायची. शेतातल्या चिमण्या हाकलण्याआधी हा घसा खाकरून त्यांना सूचना देतो, असं त्याची बायको सुलेंद्री गावभर सांगायची, आणि त्यात ती फारसं पदरचं घालत नव्हती.

मूळचा तो बालीच्या दक्षिण किनाऱ्यावरचा. उमेदीची वर्षं पाण्याखाली गेली. जिवंत प्रवाळाचं बोटाएवढं टोक तोडायचं, सिमेंटच्या चकतीवर बसवायचं, समुद्राच्या तळाशी लोखंडी मांडणीवर बांधून वाढवायचं आणि मोठं झालं की परदेशातल्या हौशी लोकांच्या टाक्यांसाठी पाठवायचं, हे त्याचं काम. सुलेंद्री ताबानानच्या डोंगरातली, आईबापांची एकुलती एक. घरचं देऊळ सांभाळायला माणूस हवा, म्हणून रेना घरजावई होऊन वर आला. त्या भागात घरजावई होण्यात कुणी कमीपणा मानत नाही. पण ह्याने पहिल्या दिवशी सगळ्यांपासून हातभर लांब चपला काढल्या, त्या बावीस वर्षं तिथेच काढत होता.

लग्नानंतरही आठवड्यातले पाच दिवस तो खाली समुद्रावर असायचा. मग एकदा घाईने पाण्यातून वर आला आणि डावा कान कायमचा गेला. डॉक्टर म्हणाले, "आता डोकं पाण्याखाली घालायचं नाही. कधीच नाही." रेना घरी आला, सासऱ्याचं खोरं घेतलं आणि भातशेतीला लागला. तक्रार केली नाही. फक्त बोलणं निम्मं झालं.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या हाताखाली शिकलेला कादेक दर्सना पिकअपमधून चार फुटी काचेची टाकी घेऊन वर आला. दर्सना आता किनाऱ्यावरच्या प्रवाळवाल्यांच्या सोसायटीचा कारभारी होता. सोबत खाऱ्या पाण्याचे कॅन होते आणि अकरा प्रवाळ, रेनाने वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने रोवलेल्या एकाच प्रवाळाची पिल्लं.

"ब्ली, तुम्हाला त्यांच्याकडे जाता येत नाही, म्हणून त्यांनाच घेऊन आलो," दर्सना म्हणाला. तिथे थोरल्या भावालाही ब्ली म्हणतात आणि नवऱ्यालाही.

त्या दिवशी रेना जेवायलाही उठला नाही. सुलेंद्रीने टाकीचं नाव सवत ठेवलं.

आता प्रवाळ म्हणजे काही शोभेचा दगड नव्हे. ते पाण्यातलं कॅल्शियम पिऊन स्वतःची हाडं बांधतं. समुद्राचं काय, तो अफाट. चार फुटी टाकीतलं कॅल्शियम मात्र ही अकरा पोरं महिनाभरात फस्त करतात. दर्सना महिन्यातून एकदा ताजं समुद्राचं पाणी आणायचा, तेवढ्याने काय होणार! म्हणून त्यानेच युक्ती शिकवली होती. टाकीतलं जेवढं पाणी रोज उडून जातं, तेवढी चुन्याची निवळी थेंबथेंब सोडायची. रेनाने सलाईनची नळी मिळवून ती टाकीवर टांगली. रोज निवळी सोडायचा, आठवड्याला तपासणी करायचा. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, औषध घातलं की ते गुलाबी होतं, मग दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे. निळं झालं की थांबायचं. एक थेंब म्हणजे लिटरमागे वीस मिलिग्रॅम कॅल्शियम. एकवीस थेंब पडले तर समुद्र खूश.

रेनाचं पाणी सतराव्या थेंबालाच निळं व्हायचं. आठ महिने सतराच. प्रवाळांची वाढ थांबली, मग कडा पांढऱ्या पडू लागल्या. दोन तर गेलेच.

ह्या खेपेला दर्सनाने टाकीसमोर उकिडवं बसून बराच वेळ पाहिलं आणि मग रेनाच्या उजव्या कानाशी येऊन म्हणाला, "ब्ली, राग मानू नका. पौर्णिमेला मी पुन्हा येतोय. वीस थेंब भरले तर ठीक. नाहीतर उरलेली नऊ मी खाली समुद्रात नेऊन बांधतो. इथे मरण्यापेक्षा तिथे जगतील."

"बरोबर आहे तुझं," रेना म्हणाला.

बरोबर होतंच. पण समुद्रात गेलेलं प्रवाळ त्याला पुन्हा दिसणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि दर्सनालाही.

पौर्णिमेला अकरा दिवस उरले होते. सकाळी सुलेंद्री चुलीतली राख टाकायला स्वयंपाकघरामागे गेली, तर नवरा तिथे वाकून काहीतरी खरवडत बसलेला. समोर तिच्याच टाकून दिलेल्या चुन्याच्या डब्या. सुलेंद्री रोज साठ नैवेद्य वळायची, काही घरच्या देवळाला, काही शेजारणींना विकायला. प्रत्येकात विड्याचं पान, सुपारी आणि चुन्याचं बोट हवंच. डबी तळाला लागली की ती मागे फेकायची आणि नवी उघडायची.

"अहो ब्ली! उकिरड्यात काय उकरताय?"

तो दचकला. "चुना. टाकीसाठी."

"हा? ह्या डब्यांतला?"

"टाकलेलाच आहे ना. चुना तो चुना."

सुलेंद्रीने नखाने पांढरा खपला काढून जिभेला लावला. मग थुंकली. मग पुन्हा लावला, कारण तिचा विश्वास बसेना. "अहो, हा मेलेला चुना! उघड्यावर पडून पडून ह्याचा खडू झालाय. जिभेला चावत नाही, पान ह्याने रंगणार नाही, आणि तुम्ही ह्याची निवळी करून त्या बिचाऱ्यांना पाजताय? किती दिवस?"

"आठ महिने," रेना म्हणाला. "आधी दर्सनाने दिलेली पिशवी होती."

"आणि माझ्या फडताळात ताज्या चुन्याच्या सहा डब्या आहेत, त्या दिसल्या नाहीत?"

"त्या देवांच्या आहेत."

"देवांना वाहिल्यावर देवांच्या. फडताळात आहेत तोवर माझ्या!"

"तुझ्याच," तो हळूच म्हणाला. "तुझ्या घराण्याचे देव, तुझ्या घराण्याचा चुना. मी कसा घेऊ?"

राखेचं टोपलं खाली ठेवून सुलेंद्री त्याच्याशेजारी बसली. तिला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्हींचा रागही.

"बावीस वर्षं झाली," ती म्हणाली. "माझ्या आईची चिता तुम्ही रचलीत. देवळाचं छप्पर तुम्ही शाकारलंत. आणि अजून चिमूटभर चुना मागायची लाज वाटते? पाहुणे आहात का हो तुम्ही?"

तिचा आवाज इतका चढला होता की कुंपणापलीकडची शेजारीण झाडू मारायची थांबली. रेनाला एकाच कानाने ऐकू येत होतं, पण तेवढ्यानेही पुरेसं ऐकू आलं. त्याने मान खाली घातली.

त्या दिवसापासून निवळी सुलेंद्रीने हातात घेतली. केळ्याच्या नि पपईच्या वड्यांसाठी ती लहानपणापासून निवळी करत आली होती. ताजा चुना घोळायचा, भांडं झाकायचं, हलवायचं नाही आणि वरचं स्वच्छ पाणी करवंटीच्या डावाने अलगद उचलायचं. एकदा तिने सगळंच भांडं टाकीत ओतायला घेतलं. "लवकर भरेल की!"

रेनाने तिचा हात धरला. बायकोला तिथे लुह म्हणतात. "नको लुह, एकदम घातलं तर टाकीत पांढरा धुरळा उठतो, असलेलं कॅल्शियमही तळाला बसतं. थेंबथेंबच."

"तुमच्यासारखंच आहे तर," ती म्हणाली आणि नळीची चावी घट्ट केली.

पाचव्या दिवशी अठरा थेंब झाले. नवव्या दिवशीही अठराच. रेना शेतावरून दोनदा उगाचच घरी येऊन गेला.

पौर्णिमेच्या सकाळी दर्सना आला. पिकअपमध्ये प्रवाळ न्यायला समुद्राच्या पाण्याने भरलेली मोठी थर्माकोलची पेटी होती, ती त्याने घरच्या देवळासमोरच्या ओसरीवर, टाकीशेजारी आणून ठेवली. सुलेंद्रीने कॉफी दिली, तांदळाच्या गोड वड्या दिल्या, कुणी हात लावला नाही. रेनाने परीक्षानळी धुतली, पाणी घेतलं, औषध घातलं. पाणी गुलाबी झालं.

"तुम्ही रंग बघा," सुलेंद्री म्हणाली. "मी मोजते."

तो टाकत गेला, ती मोठ्याने मोजत गेली. पंधरा. सोळा. सतरा. अठराव्या थेंबाला पाणी जांभळं झालं. त्याने आणखी एक थेंब टाकला आणि नळी हलवली. पाणी निळं झालं. स्वच्छ, निःसंशय निळं.

"वीस!" सुलेंद्री म्हणाली.

रेनाने बायकोकडे पाहिलं. अठरानंतर त्याने एकच थेंब टाकला होता, स्वतःच्या बोटांनी. एकोणीस. ही बाई रोज साठ नैवेद्य मोजते आणि वर्षानुवर्षं तिचा एकही चुकलेला नाही. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. ती दर्सनाकडे बघत होती, कमरेवर हात ठेवून, पुढे काय बोलतोस ते बोल अशी.

दर्सना टाकीकडे वळला. नऊच्या नऊ प्रवाळांच्या कडांना केसाएवढी जांभळी रेघ आली होती, नव्या वाढीची. ती त्याने पाहिली. मग नळीतलं निळं पाणी पाहिलं, आणि मग रेनाकडे.

"वीस ना, ब्ली?"

रेनाने तोंड उघडलं. जन्मभर ह्या तोंडातून जे आलं असतं ते जिभेवर तयार होतं. आणि त्याच क्षणी त्याला कळलं की हा खोटा आकडा आपल्यासाठी कुणी तरी बोललं आहे, ज्या घरात आपण बावीस वर्षं अंग चोरून राहिलो त्याच घरातल्या माणसाने, देवळासमोर उभं राहून. तिला खोटं पाडायचं म्हणजे पुन्हा एकदा पाहुणा व्हायचं.

"ती म्हणते तर वीस," तो म्हणाला. "मोजायचं काम आमच्या घरात तिचं आहे."

दर्सना हसला. पेटीतलं पाणी त्याने टाकीसाठी आणलेल्या कॅनमध्ये ओतलं, खाली बसून दोन वड्या एकदम तोंडात टाकल्या आणि भरल्या तोंडाने, थोरल्या बहिणीला घालतात तशी साद घालून म्हणाला, "म्बोक, पुढच्या पौर्णिमेला एकवीस मोजा हं."

"एकवीसच होतील," सुलेंद्री म्हणाली, "न मोजता."

दर्सना गेल्यावर ती नैवेद्य वळायला बसली. रेना थोडा वेळ ओसरीवर घुटमळला. मग तो तिच्या फडताळाकडे गेला आणि कुणाला न विचारता चुन्याची नवी डबी काढून घेतली.