सावद्याची अक्का, साक्रीचे नाना आणि आमच्या कारखान्यातली वाटी

नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. पुण्याजवळच्या एका लहान कारखान्यात मी माल तपासणीचं काम करत होते. खुब्याच्या कृत्रिम सांध्यातली प्लास्टिकची वाटी आम्ही बनवायचो. मांडीच्या हाडात बसवलेला स्टीलचा गोळा या वाटीत फिरतो, म्हणून माणूस चालतो. प्लास्टिक म्हणजे पॉलिथिनच, पण पिशवीचं नव्हे. पिठासारखी पांढरी पावडर तासन्‌तास उष्णतेत दाबून तिचा ठोकळा करायचा आणि तो लेथवर कोरायचा. चिवट इतकं की झीज मोजायच्या यंत्रावर महिनोन्‌महिने गोळा फिरवला तरी वाटीला काही होत नसे. मला त्याचा फार अभिमान होता.

मग एका सर्जननी पेशंटच्या शरीरातून काढलेली आमची एक वाटी परत पाठवली. काठाला पांढरट कडं आणि त्यात भेगा. नख लावलं तर भुगा पडत होता. शोध घेता घेता उलगडा झाला. निर्जंतुक करण्यासाठी आम्ही वाट्यांवर किरण सोडायचो, आणि त्यानंतर त्या साध्या पाकिटात कपाटात पडून राहायच्या, काही तर दोन-तीन वर्षं. त्या काळात हवेतला प्राणवायू आत शिरून प्लास्टिकला ठिसूळ करत होता. यंत्रावर आम्ही ताज्या वाट्या तपासल्या होत्या आणि माणसांना शिळ्या बसवल्या होत्या. तेव्हा हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, हे खरं. पण त्या मालाच्या कागदावर सही माझी होती, हेही खरं.

सर्जननी त्या मालातल्या सगळ्या पेशंटना पत्रं लिहून तपासणीला बोलावलं. खानदेशातल्या दोघींचं उत्तर आलं नाही. एक सावद्याची, दुसरी साक्रीकडची. मी म्हटलं, मी जाऊन येते. वरिष्ठांनी रजा दिली, गाडीभाडं दिलं आणि बजावलं, की तपासणीला या एवढंच सांगायचं, कारणाचा विषय काढायचा नाही.

जानेवारीत गेले. तुम्हालाही खानदेश पाहायचा असेल तर याच दिवसांत जा. उन्हाळ्यात तिकडे दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. मनमाडमार्गे जाणाऱ्या गाडीनं सकाळी जळगावला उतरले. स्टँडवर चहा घेतला आणि भुसावळ, फैजपूर करत जाणारी एसटी पकडली. भुसावळ सोडल्यावर तापी लागते. पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना केळी सुरू होतात, आणि हवा एकदम ओली, गार होते. रस्त्यात घडांनी भरलेल्या ट्रकमागून आमची बस रखडत चालली होती. तासाभराचा रस्ता, लागले दोन तास. खिडकीची जागा मिळाली तर वेळ कसा जातो कळत नाही, एरवी फार हाल होतात.

सावद्यात पेशंटचं, म्हणजे अक्कांचं, घर सहज सापडलं. साठीच्या बाई, नवरा नाही, मुलगा केळीच्या कापणीवर गेलेला. अक्का काठी टेकत दारात आल्या. तीन पावलं टाकायच्या, थांबायच्या, पुन्हा टाकायच्या. पत्र आलं होतं. कापणी झाली की बघू म्हणून मुलानं ते फोटोच्या चौकटीमागे खोचून ठेवलं होतं. मी पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं, की ठरलेली तपासणी आहे, लवकर येऊन जा. अक्कांनी ऐकून घेतलं. मला पाटावर बसवलं. वांग्याचं भरीत, कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, वर कांद्याची पात आणि कच्चं तेल. इतकं चांगलं भरीत मी त्यानंतर खाल्लेलं नाही.

मी हात धुतल्यावर अक्का म्हणाल्या, "पह्यले लेटर पाठोलं. आता मानूस पाठोलं. मले खरं सांग, पोरी."

मी सांगितलं. वाटी, किरण, कपाट, सही, सगळं. त्यांना कितपत समजलं कुणास ठाऊक. बराच वेळ त्या आपल्या मांडीवरून हात फिरवत राहिल्या. नंतर म्हणाल्या, की त्यांना वाटत होतं हे म्हातारपणच आहे, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलंही नव्हतं. रागावल्या नाहीत. त्यांनी रागवायला हवं होतं असं मला फार वाटत होतं. निघताना पुन्हा कापायला लागंल ना, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या पिशवीत केळ्यांची फणी घातली. मी ती परत देऊ शकले नाही.

त्या दिवशी जळगावला मुक्काम केला. स्टँडजवळ बऱ्यापैकी लॉज मिळतात. एकट्या बाईला खोली द्यायला व्यवस्थापकानं थोडे प्रश्न विचारले, मग दिली.

दुसऱ्या दिवशी एरंडोल, पारोळा करत धुळे. तेव्हा तो रस्ता दुपदरी होता आणि समोरून ट्रक आला की बस कच्च्यावर उतरायची. जसजसं पश्चिमेला जावं तसतशी हिरवाई मागे पडते. कापसाची वाळलेली पराटी, मग नुसती मोकळी रानं. धुळ्याला शेवभाजी खाल्ली. तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा, नंतर उपयोग नाही. तिथून सुरतच्या रस्त्यानं साक्री, आणि साक्रीहून जीपनं आत एक गाव. त्या दिवशी साक्रीचा बाजार होता. जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाची तरी मिरच्यांची पाटी होती.

फाट्यावर उतरून पेशंटचं नाव सांगितलं. दोन बायका एकमेकींकडे बघू लागल्या आणि एकीनं घर दाखवलं.

तिचे यजमान, नाना, अंगणात शेंगा फोडत बसले होते. सत्तरीकडे आलेले, काटक, पांढरी टोपी. मी कोण, कुठून आले ते सांगितलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "ती गयी, ताई. दिवाळीना आगोदर."

मग त्यांनीच सगळं सांगितलं. ऑपरेशननंतर चार वर्षं ती उत्तम चालली. आधी लंगडायची, ती पुन्हा डोक्यावर पाटी घेऊन साक्रीच्या बाजाराला जाऊ लागली. जास्त वजन उचलू नका, जास्त चालू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण ती ऐकायची नाही. मग दुखायला लागलं. आधी बाजार सुटला, मग शेत, मग अंगण. शेवटी अंथरूण धरलं, पाठीला जखमा झाल्या, ताप आला. पत्र आलं तेव्हा तिचा दहावा होऊन गेला होता.

नाना उठून घरात गेले आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन आले. स्टीलचा गोळा आणि खालची दांडी. राख सावडताना सापडलं होतं. "बठ्ठं जयी गयं, हाई नही जयनं." सगळं जळून गेलं, एवढंच जळलं नाही. हे नदीत सोडावं की नाही, भटजींनाही सांगता येईना, म्हणून ठेवून दिलं होतं. गोळ्यावर काळपट डाग पडले होते. वाटीचा अर्थात मागमूस नव्हता. मी तपासणीला बोलवायला आले होते आणि आता तपासायला काय उरलं होतं!

माझं काम तिथं संपलं होतं. उठून निघून आले असते तर कुणी काही म्हणालं नसतं. पण नाना बोलतच होते. तिनं ऐकलं असतं तर आज असती, असं ते म्हणाले. तिनंच बाजारापायी तो सांधा झिजवला. रोज तिला तेच सांगायचो, म्हणाले. ती विव्हळायला लागली की म्हणायचो, आता कशाला रडते, तुझंच तू केलंस.

मला ते ऐकवेना. मी म्हटलं, "नाना, त्यांची चूक नव्हती. त्या बसून राहिल्या असत्या तरी ती वाटी फार टिकली नसती. वाटी आमची होती आणि ती खराब झालेली होती."

नानांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"तिनी चूक नव्हती?"

"नव्हती."

"आन मी तिले दोन वरीस बोलत ऱ्हायनू," ते म्हणाले.

ते रडले नाहीत. शेंगांचं सूप बाजूला सारलं, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तसेच बसून राहिले. मी क्षमा मागितली. ती त्यांच्यापर्यंत पोहोचली असं मला वाटलं नाही. शेजारच्या सुनेनं चहा आणला. तो आम्ही दोघांनी प्यायला.

परतीच्या जीपसाठी ते मला फाट्यापर्यंत सोडायला आले, नको म्हटलं तरी. जीप दिसायला लागली तेव्हा रस्त्याकडेच बघत त्यांनी विचारलं, "ती म्हने तेवढं खरंच दुखत व्हई का?"

ठिसूळ वाटीचा भुगा हाडाला काय करतो ते मी वाचलेलं होतं. मी हो म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि जीपवाल्याला, बाईंना पुढे बसव, असं सांगितलं.

धुळ्याहून मालेगाव, नाशिक करत पुण्याला यायला बसनं पूर्ण दिवस गेला. घरी आईनं विचारलं, कसा आहे खानदेश? मी भरिताचं, केळीच्या बागांचं सांगितलं.

कारखान्यानं कपाटातला सगळा जुना माल मोडीत काढला. वाट्या नायट्रोजन भरलेल्या बंद पाकिटात जाऊ लागल्या आणि आम्ही त्या जास्त दिवस पडून राहू देईनासे झालो. अक्कांचं दुसरं ऑपरेशन झालं. काठी सुटली नाही, पण चालतात, असं मुलानं कळवलं. माझ्या अहवालात साक्रीच्या नावापुढे मी 'रुग्णाचा दोष नाही' असं लिहिलं होतं. ही तांत्रिक नोंद नव्हे म्हणून वरिष्ठांनी ते खोडलं. मी तेच पुन्हा एका कोऱ्या कागदावर लिहिलं, खाली सही केली आणि नानांना पाठवून दिलं. उत्तर आलं नाही.

त्यानंतर कामानिमित्त धुळ्यापर्यंत तीन-चारदा गेले. आता रस्ता चौपदरी आहे, साक्री तिथून तासाभरावर. नानांना खरं सांगून मी हलकी झाले होते. त्यांचं काय झालं, हे विचारायला मी कधी गेले नाही.