कोठीतल्या दवाखान्याचं इंग्रजी

उदगीरच्या स्टँडवर सासऱ्यांनी बसच्या खिडकीतून पिशवी आत दिली आणि ह्यांना म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघा. नाहीच भागलं तर गुमान दुकानावर या." माझ्याकडं बघितलंही नाही. ज्या सुना तिथंच राहिल्या आणि ज्या माझ्यासारख्या गाव सोडून आल्या, त्या सगळ्यांना ठाऊक आहे, असल्या वेळी आपल्याला कुणी विचारत नाही.

हैदराबादला हिमायतनगरात दोन खोल्या घेतल्या. ह्यांच्या एकट्याच्या पगारात भागेना. कोठीतल्या एका दातांच्या दवाखान्याला फोन घ्यायला इंग्रजी बोलणारी बाई हवी होती. माझं इंग्रजी कॉलेजातलं. वाचता यायचं, बोलायचं म्हटलं की दातखीळ बसायची. मग भाजी निवडता निवडता हे मला शिकवायला लागले. इंग्रजीतलं ‘मी’ म्हणजे आपलं ‘मला’, आणि आपलं ‘मी’ म्हणजे त्यांचं ‘आय’, हे डोक्यात शिरता शिरेना. नवऱ्याला तर ‘ही’ म्हणवेच ना. आमच्यात नवऱ्याला ‘तो’ म्हटलं तर सासूबाई जेवण सोडतील. मी आपली आदरानं ‘दे केम, गिव्ह देम टी’. हे म्हणायचे, "अगं, किती नवरे आहेत तुला?"

मुलाखतीला गेले तर डॉक्टरीणबाई तेलुगू, पण बोलल्या दखनीत. "इंग्लिश आती ना तुमकू? फिर ये फोन उठाव." फोन वाजतच होता. पलीकडे एक घाबरलेली बाई, नवऱ्याच्या हिरडीतून रक्त थांबत नव्हतं. मी म्हणाले, "इज ही अवेक? ब्रिंग हिम नाऊ." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कल से आ जाव, अम्मा." ‘ही’ आणि ‘हिम’, दोन्ही शब्द बरोबर पडले, हे मला कोठीच्या गर्दीत रस्ता ओलांडताना लक्षात आलं. एकटीच हसले.

त्याच संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला. हे घरी नव्हते. "दिवाळी आली. सामानाला टेम्पो सांगू का?" ‘जेवलात का’च्या पुढं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. म्हणाले, "नको मामा. मला नोकरी लागली. आम्ही इथंच राहतो."

"बरं. तब्येतीला जप," एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. फोन ठेवून मी ढसाढसा रडले, आणि मग कुकर लावला.

आता सणाला उदगीरला गेलं की सासूबाई माझ्या हातातलं लाटणं काढून घेतात. "बस गं, दमून आलीस," म्हणतात. मायेनंच म्हणतात. पण घरच्या सुनेला असं कुणी म्हणत नाही.