अमची आई रडत नव्हती

रुक्कूअक्का गेल्या त्या संध्याकाळी त्यांना हॉलमध्ये चटईवर ठेवलं होतं आणि भिंतीपलीकडून, शेजारच्या घरातून, मालिकेचं शीर्षकगीत ऐकू येत होतं. कुणीतरी जाऊन सांगून आलं, तेव्हा आवाज कमी झाला. बंद झाला नाही. आता काही आठवडे उलटले, तरी तो बारीक केलेला आवाज आठवला की मला शिसारी येते. ज्या मालिकेने अक्कांच्या आईची विटंबना केली, तिचा त्या दिवशीचा भागही त्या घराला चुकवायचा नव्हता…

मी मूळची सांगलीची. गिंडीतल्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून चेन्नईला आले आणि वेस्ट मांबलममधल्या या इमारतीत भाड्याने राहू लागले. एकदा जिन्यात फोनवर आईशी बोलत होते, तर माझ्या खालच्या मजल्यावरचं दार उघडलं आणि एक उंच, सडपातळ बाई म्हणाल्या, "अगे पोरी, तू अमच्यातली की काय?" त्या रुक्मिणीबाई, सगळ्यांच्या रुक्कूअक्का. तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. 'आहे'ला 'अहे' म्हणायच्या, मधूनच तमिळ शब्द पेरायच्या आणि सूर तर सगळा तमिळच. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्या दिवसापासून माझी संध्याकाळची कॉफी त्यांच्याकडे ठरून गेली.

टीव्ही त्या रोज बघायच्या आणि रोज चिडायच्या. "बघताच कशाला?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "घाण कुठे अहे ते बघितल्याशिवाय पाय कसा चुकवायचा?" एका बाईने एक वाक्य उच्चारलं की घरातल्या प्रत्येकाचं तोंड तीन-तीनदा दाखवतात, याचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. झोपतानाही दागिने घालणाऱ्या सुना, दूध उतू जाऊ देऊन दाराआडून ऐकणाऱ्या सासवा, दर आठवड्याला जाणारी आणि परतणारी स्मृती… हे सगळं बघताना त्यांचा चेहरा नासलेलं ताक तोंडात गेल्यासारखा व्हायचा. पुस्तकांवरून काढलेल्या सिनेमांवर तर त्यांचा विशेष राग. "पुस्तकात माणूस विचार करत बसलेला असतो," त्या म्हणायच्या, "हे लोक त्याला डोंगरावर नेतात आणि मागून वारा सोडतात. झाला म्हणे विचार!" मला त्यांची सगळी मतं पटत नसत. थकून घरी आल्यावर असलं काहीतरी बघावंसं वाटतं, असं मी म्हणायची. त्या माझ्याकडे अशा बघायच्या, की मी पुन्हा कपात तोंड घालायची.

त्यांची थोरली बहीण तुळजा तमिळमध्ये लिहायची. तिची एकच कादंबरी छापली गेली आणि ती त्यांच्या आईवर होती. आई तरुणपणीच विधवा झाली, दोन मुलींना घेऊन तंजावरहून मद्रासला आली आणि तिरुवल्लिकेणीत एका मॅन्शनच्या, म्हणजे खोल्या भाड्याने देणाऱ्या लॉजच्या, मागच्या खोलीत तिने तिथल्या बिनलग्नाच्या कारकुनांसाठी खानावळ काढली. कादंबरीत एक प्रसंग आहे. मोठे दीर तंजावरहून येतात. घराण्याचं नाव गेलं, मुलींना घेऊन परत चल, असं फर्मावतात. आई त्यांना पान वाढते, ताक वाढेपर्यंत एक शब्द बोलत नाही आणि मग म्हणते, "पोटभर जेवा. संध्याकाळच्या गाडीला वेळ अहे." बस्स. दीर जेवतात आणि जातात. अक्का तेव्हा दारामागे उभ्या होत्या. हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं.

तुळजाताई वारल्यावर तिच्या परदेशातल्या मुलाने कुणा मालिकावाल्यांना कादंबरीवर मालिका काढायला फोनवरच होकार देऊन टाकला. अक्कांना कळलं ते थेट जाहिरात बघून. पहिल्या भागाला मी त्यांच्या शेजारीच बसले होते. पडद्यावर आई आली, ती नथ घालून, कपाळावर चंद्रकोर लावून आणि आमच्या सांगलीकडे लग्नात नेसतात तसली भरजरी नऊवारी नेसून. खानावळीत भात वाढताना! तमिळ बोलायची तेही मुद्दाम मोडकं, म्हणजे ती मराठी आहे हे लोकांना कळावं. अक्का बघतच राहिल्या. "अमच्या आईने जन्मात नथ घातली नाही," त्या म्हणाल्या. "आणि तिचं तमिळ ऐकून मॅन्शनमधले अय्यर लाजायचे." पुढे दीर आले. आई त्यांच्या पायावर पडली. विजा कडाडल्या. दिराने तिला ढकललं, ते तीनदा दाखवलं, आणि कॉलेजात शिकणारा एक देखणा पोरगा काळा चष्मा काढत दारात उभा राहिला. त्याने आईला वाचवलं. ते वाचवणं आठवडाभर चाललं. शेवटच्या दिवशी अक्का उठून मोरीत गेल्या आणि मला त्यांच्या ओकारीचा आवाज आला. त्या तोंड धुऊन बाहेर आल्या, टीव्ही बंद केला आणि म्हणाल्या, "उद्या सुट्टी काढ."

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षा करून वडपळणीच्या पलीकडे, जिथे मालिकेचं चित्रीकरण चालायचं त्या बंगल्यावर गेलो. दिग्दर्शक तिशीतला, नम्र मुलगा होता. त्याने खुर्ची दिली, इळनीर, म्हणजे शहाळं, मागवलं. अक्का त्याच्याशी तमिळमध्ये बोलल्या, अगदी हळू आवाजात. तो आजी म्हणून हाक मारत म्हणाला, "पाट्टी, आई रडली नाही तर बघणारे कसे रडणार?"

"तुझी आई रडते का?" अक्कांनी विचारलं.

तो जरा गोंधळला. "माझ्यासमोर… कधी नाही."

"आणि तुला तिचं काही वाटत नाही?"

तो वाहिनीचं सांगू लागला, लोकांना हेच आवडतं म्हणाला. अक्का उठल्या. "मग माझ्या बहिणीचं नाव काढ. तुमचं तुम्ही काय ते रांधा, पण तिच्या नावाने वाढू नका." निघताना आईचं काम करणारी नटी धावत आली. गालांवर ग्लिसरीनचे ओघळ तसेच होते. "तुमच्या आई कशा बोलायच्या?" तिने विचारलं. अक्का म्हणाल्या, "कमी." ती हसली नाही. म्हणाली, "मला तसं करता येईल, अम्मा. करू कोण देणार?"

पुढच्या आठवड्यापासून तुळजाताईचं नाव शीर्षकातून गेलं. मला वाटलं, जिंकलो. अक्कांना तसं वाटलं नाही. बंगल्यातून परत येताना त्या म्हणाल्या होत्या, "माझ्यानंतर अमच्या आईला लोक तीच रडकी बाई म्हणून ओळखतील, ना गे?"

मग त्यांनी वाचन सुरू केलं. मालिकेच्याच वेळी, आपल्या हॉलमध्ये, ती कादंबरी मोठ्याने. पहिल्या दिवशी ऐकायला मी एकटी. माझं तमिळ भाजीवालीपुरतं, म्हणून अडलं की त्या मराठीत सांगायच्या. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या अलमेलूमामी आल्या. त्या मालिकेच्या कट्टर भक्त, पण 'खरं काय झालं' याची उत्सुकता. जाहिराती लागल्या की वर यायच्या, संपल्या की धापा टाकत खाली पळायच्या. अक्कांना त्याची किळस यायची. "जेवताना मधूनच उठून उकिरडा बघून येणारं माणूस," असं त्यांनी मामींच्या तोंडावर म्हटलं. मामी रागावल्या, दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या सुनेला घेऊन, आणि जाहिराती संपल्या तरी उठल्या नाहीत. हळूहळू वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका आल्या, इस्त्रीवाली सेल्वी आली. अक्का कोरड्या, सपाट आवाजात वाचायच्या. कुणी डोळे पुसले तर थांबायच्या आणि चष्म्यावरून बघायच्या, ती बाई ओशाळून पदर खाली घेईपर्यंत.

एके दुपारी त्या झोपल्या आणि उठल्याच नाहीत. परदेशातला भाचा येऊन सगळं करून गेला. घर रिकामं करायला अजून अवकाश आहे म्हणून किल्ली माझ्याकडे ठेवली. दिवसकार्य झाल्यावर एका संध्याकाळी अलमेलूमामी माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, "शेवटची थोडी पानं राहिली आहेत. मी वाचते."

आम्ही अक्कांच्या हॉलमध्ये आपापल्या जागी बसलो. त्यांची वेताची खुर्ची मोकळी ठेवून मामीही जमिनीवर बसल्या. राहिलेला भाग होता धाकट्या मुलीचा. तिला टेलिफोनमध्ये नोकरी लागते, पहिलं पोस्टिंग मदुरैला, आणि आई तिला एळुंबूर स्टेशनवर सोडायला जाते. ती धाकटी कोण, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. मामींनी पहिल्याच ओळीला आवाज कापरा केला, एकेक शब्द ताणला, मध्ये उसासे घातले, हुबेहूब मालिकेतल्या आईसारखे. माझ्या अंगावर काटा आला, किळसेचा. मी काही म्हणणार तेवढ्यात कोपऱ्यातून सेल्वी ओरडली, "मामी, रडू नका! सरळ वाचा!" आणि मागोमाग शिक्षिकाबाई, मामींची सून, सगळ्याच, जवळजवळ संतापून, "सरळ वाचा, सरळ वाचा…"

मामी थांबल्या. पाणी प्यायल्या. डोळे कोरडे केले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं, हळू आणि सपाट.

"गाडी हलली. धाकटीने हात केला. आईने केला नाही, तिच्या हातात पिशवी होती. गाडी दिसेनाशी झाल्यावर आई घरी आली आणि तिने दुसऱ्या पंगतीचे तांदूळ धुवायला घेतले."