वायर माझ्या मुठीत होती

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. "अमावस्या होती का?" असं खाली कॉमेंटमध्ये विचारू नका... नव्हती. भर दुपार होती, गणपती बसलेले होते आणि शिरूर अनंतपाळची आमची अर्धी गल्ली साक्षीला हजर होती!

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. जिल्हा नवा, दुष्काळ जुनाच. सगळीकडे टँकर फिरायचे, फक्त आमच्या गल्लीत नाही — कारण सरकारी हिशोबानं आमच्या विहिरीला पाणी होतं. अशात कळलं की पाणीपुरवठ्याचे मोठे साहेब आमच्या मंडळात दर्शनाला येणार. मी नांदेडला आयटीआय करून आलेला, अंगात मस्ती. म्हटलं, यंदा हलता देखावा — विहीर! पोहरा खाली जाईल, रिकामा वर येईल. साहेबांनी डोळ्यांनी बघावं.

मंडळाचे अध्यक्ष शिवलिंगअप्पा किराणावाले तडकले. "देवापुढं रिकामं भांडं? गंगावतरण कर की रे!"

"अप्पा, त्याला पाणी कुठून आणू?"

शेजारच्या राजाक्कानं आपला पोहरा दिला, वर टोमणाही दिला. "घे इंजिनेरा. न्हाईतरी खुंटीलाच लटकून राहिलाय."

ट्रॅक्टरची बॅटरी, छोटी डीसी मोटर, टायमर आणि दोन रिले, म्हणजे विजेवर आपोआप पलटणारी बटणं. टायमरची वेळ भरली की रिले 'टक्' वाजणार, मोटरचे प्लस-मायनस अदलाबदल होणार, मोटर उलटी फिरणार. पोहरा खाली... टक्... वर... टक्. सकाळभर झकास चाललं.

साहेब आले. पोहरा खाली गेला आणि — टक् नाही! मोटर ठप्प. साहेब थोडा वेळ थांबले, "छान, छान" म्हणाले आणि चपला घालायला वळले. झालं, टँकर गेला! मी पडद्यामागं घुसलो आणि रागाच्या भरात बॅटरीवरची प्लसची वायर उपसली. वायर माझ्या मुठीत. आणि...

टक्.

मोटर फिरली. उलटी! पोहरा डुलत डुलत वर आला, थेट साहेबांच्या नाकासमोर.

"रिकामाच?" साहेब म्हणाले.

"हाव," राजाक्का पुढं सरसावली. "खऱ्या हिरीवर चला, तिथंबी ह्योच निघतोय."

साहेब खरंच गेले, विहिरीत डोकावले. दुसऱ्या दिवशी गल्लीत टँकर उभा!

आता तुमचे शहाणे खुलासे. कपॅसिटरमध्ये चार्ज उरला असेल? अहो, माझा कपॅसिटर शेंगदाण्याएवढा, पोहरा लोखंडी! दुसरी वायर टेकली असेल? बॅटरीच्या प्लसला वायर होती एकच, ती माझ्या मुठीत. कुणी दोर ओढला? मग रिले कुणी वाजवला? येऊ द्या, आणखी येऊ द्या... सगळ्यांना पुरून उरेन. एवढी वर्षं वायरिंगमध्ये काढली, पण खरं कारण मलाही सापडलेलं नाही. आणि म्हणून मी हात जोडेन, असंही समजू नका.

राजाक्काचं म्हणणं, गणपतीनंच केलं. मी लगेच छेडलं, "मग तुझ्या गणपतीनं पोहरा भरूनच का नाही वर काढला?"

"येड्या," ती म्हणाली, "भरलेला बघून सायबानं टँकर दिला आसता का?"