डोह आणि दक्षिणेचा समुद्र

माझी मुलगी दिल्लीत राहून अंटार्क्टिकाच्या राजकारणाचा अभ्यास करते. गावात हे सांगितलं की लोक विचारतात, तिथं निवडणूक होते का? होत नाही. तिथं कुणाचं गावच नाही. पण त्याच्या भोवतालच्या समुद्रावरून वीस-पंचवीस देश दरवर्षी एका टेबलाशी बसून भांडतात, आणि ती आपल्या सरकारी मंडळींच्या मागच्या रांगेत बसून टिपणं काढायला गेली होती.

त्या बैठकीवरून ती घरी आली तेव्हा मी तिला ब्रह्मपुरीच्या स्टँडवर घ्यायला गेलो. मोटारसायकलवर मागं बसून तिनं सगळं सांगितलं. तिथल्या समुद्रात क्रिल नावाचा झिंग्यासारखा बारीक जीव असतो. पेंग्विनपासून देवमाशापर्यंत सगळे त्याच्यावर जगतात. मोठी जहाजं तो उपसून नेतात. समुद्राचा काही भाग मासेमारीला बंद ठेवावा, असा प्रस्ताव कित्येक वर्षं पडून आहे. आपला देशही बंदीच्या बाजूनं आहे. पण तिथं मतं मोजत नाहीत, सगळ्यांची संमती लागते. एक जण अडला की विषय पुढच्या वर्षावर.

"मंग अडते कोण?" मी विचारलं.

"दोन बडे देश. अन् ते नाई असं म्हणतच नाई, बाबा. म्हणतात, अजून अभ्यास पाह्यजे."

तिचा आवाज रडवेला झाला होता. मी मात्र गाडी हळू केली. बांबू, मोहफूल, हिरडा यांच्या सौद्यांत माझं निम्मं आयुष्य गेलं. शिव्या दिल्या, टेबलं आपटली, उठून निघून गेलो. इतकं मऊ हत्यार मला कधी सुचलं नव्हतं.

आमच्या गावालाही जंगलाचा हक्क मिळाला आहे, आणि आमची ग्रामसभाही सगळ्यांच्या संमतीनंच चालते. बांबू विकायची वेळ आली तेव्हा व्यापाऱ्यांशी बोलायची हिंमत कुणात नव्हती. मी बोललो. एका व्यापाऱ्याच्या दारात तीन दिवस बसलो आणि त्याला वाकवूनच उठलो. पुढच्या वर्षी बायकोच्या ऑपरेशनसाठी मी नागपूरला होतो, तेवढ्यात सभेनं मला बांबू समितीतून काढलं. मी भांडखोर आहे, व्यापारी बिचकतात, हे कारण. गैरहजर माणसाची संमती धरतात म्हणे. म्हणजे मला काढायला माझीच संमती! मी परत आल्यावर ठरावाची वही भिंतीवर भिरकावली. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

मुलगी दिल्लीला परतली आणि त्याच महिन्यात सभेपुढे डोहाचा विषय आला. गावाखालच्या नदीला एक खोल डोह आहे. उन्हाळ्यात नदी आटते, तेव्हा शिंगाडा, वाम हे मासे आणि झिंगे सगळे त्यात येऊन राहतात. मासे धरणाऱ्या ढिवरांच्या वस्तीतली एक म्हातारी उभी राहिली. तिच्या वस्तीतल्या बायांची चूल त्या डोहावर चालायची, आणि तीच म्हणाली की डोह दोन उन्हाळे बंद ठेवा. बाहेरची पोरं येऊन मासे मारायला ब्लीचिंग पावडर टाकतात, त्यासाठी घराघरानं पाळीनं राखण करा. सगळ्यांनी माना हलवल्या. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं.

मी शांतपणे म्हणालो, "माही ना नाई. पण अभ्यास झाला पाह्यजे."

"कायचा अभ्यास, भाऊ?" म्हातारी म्हणाली. "माहे केस त्या डोहात पांढरे झाले."

"केसाले सभा पुरावा मानत नाई, बाई."

लोक हसले. विषय पुढच्या वर्षावर गेला. पुढच्या उन्हाळ्याआधी पुन्हा आला, पुन्हा मी तेच म्हणालो. मला डोहाशी काही देणंघेणं नव्हतं. मला समितीतली माझी जागा हवी होती, आणि ती कुणी देईना.

मधे मुलगी दिवाळीला आली. पिठाच्या गिरणीवर तिला ती म्हातारी भेटली, आणि डोहाचं सगळं तिच्याकडून कळलं. घरी येऊन तिनं चप्पलही काढली नाही.

"मी तुमाले माह्यं दुःख सांगतलं होतं, बाबा. तुमी त्याचं काय केलं?"

मी चिडलो. म्हणालो, तू गावचं राजकारण दिल्लीत बसून शिकवू नको. मला काढलं तेव्हा कुठं होती तू? ती ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच निघाली.

शेवटी यंदा होळीनंतर अध्यक्ष घरी आले. चहा पिऊन म्हणाले, "समितीत या परत, भाऊ. पण डोहाले हो म्हणा." मी लगेच हो म्हटलं नाही. ठरावात 'काढलं ते चुकलं' असं लिहा, म्हणालो. त्या एका ओळीवर महिना गेला. ती ओळ लिहायला ते तयार झाले त्याच आठवड्यात कुणीतरी डोहात पावडर टाकली. पोलीसपाटील येऊन गेले. कोण ते कळलं नाही. मी पाहायला गेलो. काठावर बोटाएवढे शिंगाडे पांढरी पोटं वर करून पडले होते, आणि बाया ते खड्ड्यात पुरत होत्या. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.

सभा भरली. आधी माझा विषय झाला, मी समितीत परत गेलो. मग डोहाचा निघाला. मी उठून मोठ्यानं म्हणालो, "माही संमती हाये."

म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, "आता कोणाले राखता, भाऊ? बायाइनं आंध्राची मासळी विकाले घेतली. काटून टाका तो विषय."

विषय रद्द झाला. सर्वसंमतीनं, असं वहीत लिहिलं, आणि खाली सगळ्यांसोबत मीही सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीला फोन केला. डोहाचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, तिकडच्या समुद्राच्या बैठकीतही काही झालं नाही. मी विचारलं, "दिवाळीले येशील ना?"

"पाहू," ती म्हणाली.

हा शब्द मी सौद्यात शेकडो वेळा वापरला आहे. तो कधी वापरतात हे मला कुणी सांगायची गरज नाही.