तंबू, तलाव आणि आमची लॅब

आमच्या लॅबमध्ये प्रत्येक बाटलीवर एक्सपायरी डेट असते. तारीख उलटली की बाटली बाद, रजिस्टरमध्ये नोंद, विषय संपला. किश्शांचं मात्र तसं होत नाही. ते साचतच जातात, आणि दुपारी डबे उघडले की कुणीतरी एखादा बाहेर काढतं. गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघांनी भंडारदऱ्याला तलावाकाठी तंबूत राहायला जायचं ठरवलं. मुक्काम एक दिवसाचा, प्लॅनिंग दीड महिन्याचं. त्यामुळे सध्या स्टॉक भरपूर आहे.

चौघं म्हणजे रबाळ्याच्या एका पॅकेजिंग कंपनीतली आमची क्वालिटी लॅब. हेड सावंत सर, सगळ्यात सीनियर वैशालीताई, शेजारचं स्टोअर सांभाळणारे भोईरदादा, आणि मी, प्राची.

*

सावंत सरांना सगळं लेखी लागतं. लॅबमधला पंखा कुणी आणि कोणत्या फडक्याने पुसायचा, याचीसुद्धा त्यांनी प्रोसिजर लिहून ठेवली आहे. ट्रिपचं ठरलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी आमच्या हातात चार पानं ठेवली. उद्देश, व्याप्ती, जबाबदाऱ्या, सगळं नीट मुद्देसूद. शेवटच्या पानावर 'संभाव्य धोके' होते. एक, साप. दोन, अवकाळी पाऊस. तीन, भोईर.

भोईरदादांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं. "सर, यात माझं नाव कशाला?"

"मागच्या दोन्ही पिकनिकला तुम्ही गाडी सुटताना कॅन्सल केलंत."

"अवो, पन दोन्ही टायमाला हळद होती."

"कोणाची?"

दादांनी जरा आठवून बघितलं. आठवेना. मग म्हणाले, "आमच्या गावात कोनाची ना कोनाची असतेच."

*

कॅम्पवाल्याला फोन करायचं काम माझ्याकडे होतं. मी स्पीकर लावला आणि तिघं भोवती खुर्च्या ओढून बसले. वैशालीताईंनी आधीच बजावलं होतं, बाथरूमचं नक्की विचार.

"तंबूला अटॅच्ड काय काय आहे?" मी विचारलं.

"तलाव अटॅच्ड आहे, मॅडम," तो शांतपणे म्हणाला. "बाथरूमला वीस पावलं चालायचं."

ताईंनी वहीत लिहून घेतलं, वीस पावलं. मग सर फोनजवळ वाकले. "बिबट्या वगैरे येतो का तिकडे?"

"येतो ना सर. पण तो बुकिंग करून येत नाही, त्यामुळे तारीख सांगता येणार नाही."

सरांनी त्या चार पानांची नवी आवृत्ती काढली. भोईरदादा चौथ्या नंबरवर गेले.

*

दादांचा मूळ विरोध वेगळाच होता. करंजाड्याच्या बाजूला त्यांची शेती होती, आता तिथे त्यांची स्वतःची चार मजली बिल्डिंग आहे. ते म्हणाले, "लहानपनी आमी शेतावर भुईवरच झोपायचो. अंगाखाली पेंढा, वर आभाल. आता कुठं पोरांनी एसी लावलाय, तं तुमी मला परत भुईवर झोपवायला नेताय. आनि वर पैसं पन घेताय."

सर अर्धा तास निसर्गावर बोलले. मी आणि ताई ताज्या हवेवर बोललो. दादा ढिम्म.

शेवटी त्यांनीच विचारलं, "तलाव हाय म्हनता. मासं हायत काय त्याच्यात?"

"असतील की."

"मग मगासपासून ते झाडांचं काय लावलंय? माझं नाव लिवा."

*

सरांनी एक तंबू विकत आणला, कारण कॅम्पवर जाण्याआधी तालीम झालीच पाहिजे असं चार पानांत लिहिलं होतं. तिथे तंबू आयते उभे असतात हे मी सांगून बघितलं. "आणीबाणीची तयारी," सर म्हणाले.

तालमीला जागा माझ्या उलव्याच्या सोसायटीची टेरेस. रविवारी सकाळी आम्ही वर गेलो. खाडीवरून असा वारा सुटला होता की तंबूचं एक टोक धरलं की दुसरं पाण्याच्या टाकीवर जाऊन बसायचं. सर सूचना वाचत होते, ताई काठ्या मोजत होत्या, दादा ट्रेच्या ट्रे इडल्या घेऊन आले होते आणि सल्ले देत होते. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज होता, 'टेरेसवर अनधिकृत बांधकाम सुरू आहे. कमिटीने लक्ष घालावे.'

पाचव्या मिनिटाला आमचे सेक्रेटरी वॉचमनला घेऊन वर आले. चांगलेच तापले होते. सरांनी त्यांच्या हातात चार पानं दिली. सेक्रेटरींनी ती वाचली, तंबूभोवती एक फेरी मारली, आणि आत काय आहे ते बघायला वाकून आत शिरले.

"आत बरंच गार आहे की," आतून आवाज आला.

मग बराच वेळ आवाजच आला नाही. आम्ही चौघं आणि वॉचमन बाहेर इडल्या खात बसलो. दीड वाजता आतून फोन वाजला आणि सेक्रेटरींचा जड आवाज ऐकू आला, "तुम्ही जेवून घ्या. मी कमिटीच्या कामात आहे."

*

वैशालीताईंची अडचण खरी होती. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण घरच्यांना सोडून त्या कुठे राहिल्या नव्हत्या. मुलगा लहान होता, मग सासूबाई आजारी होत्या, मग मुलाची बारावी. आता मुलगा पुण्याला नोकरीला होता, सासूबाई ठणठणीत होत्या, तरी विचारायचं कसं, याचंच त्यांना टेन्शन.

तीन दिवस आम्ही त्यांची तयारी करून घेतली. सर विलासभाऊ झाले, म्हणजे ताईंचे मिस्टर. ते आडवे प्रश्न विचारायचे आणि ताई उत्तरं द्यायच्या. जेवणाचं काय? फ्रीजमध्ये करून ठेवते. आईंच्या गोळ्या? डबीत दिवसाप्रमाणे लावून ठेवते. बरोबर कोण आहे? सगळे ऑफिसचेच. तिसऱ्या दिवशी ताई एकदम तयार झाल्या.

घरी विचारून दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लॅबमध्ये आल्या आणि कोणाशी न बोलता ॲप्रन घालून कामाला लागल्या. आम्हाला वाटलं, संपलं. मी हळूच विचारलं, "नाही म्हणाले का?"

"जा म्हणाले."

"मग?"

"मी 'तलावावर' एवढंच म्हटलं, तर लगेच जा म्हणाले. टीव्हीवरून नजरसुद्धा काढली नाही." ताईंनी बाटलीचं बूच गच्च लावलं. "एकदा तरी नको म्हणायचं ना माणसाने. माझी सगळी उत्तरं तशीच राहिली."

*

निघायच्या दिवशी पहाटे भोईरदादा वेळेवर आले. स्वतःच्या गाडीने आले, आणि गाडीच्या टपावर दोरीने बांधलेली खाट होती.

सर खाटेकडे बघत राहिले. चार पानांत खाटेबद्दल काहीच नव्हतं.

"तंबू तुमचा," दादा म्हणाले, "पन झोप माझी हाय."

कॅम्पवर ती खाट तंबूच्या दारातून आत जाईना. दादांनी ती पाण्याच्या कडेला मांडली, वर चादर घातली. दिवस मावळेपर्यंत त्या खाटेवर आळीपाळीने कॅम्पवरचा प्रत्येक माणूस बसून गेला. बिबट्या तेवढा आला नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली तेव्हा ताईंचं अंथरूण रिकामं होतं. चपला तंबूबाहेर होत्या. वीस पावलांवरचं बाथरूम बघितलं, तिथे नाहीत. स्वयंपाकाच्या शेडमध्ये नाहीत. सरांना उठवलं. ते झाडीकडे हाका मारत गेले. दादा काठाने चालत निघाले, आणि ओल्या मातीत त्यांना पावलं दिसली. पावलं सरळ पाण्याकडे गेली होती. दादा तिथेच थांबले. मी पळत काठाशी गेले.

पाण्यावर धुकं होतं. ते जरा हललं आणि आत एक होडी दिसली. होडीत गावातल्या एक मावशी हात पदरात घेऊन निवांत बसल्या होत्या. वल्ही ताईंच्या हातात होती. अंगात लाइफ जॅकेट, ओढणी कमरेला बांधलेली, आणि हात असे चालत होते की जणू रोजचंच काम. होडी सरळ रेषेत चालली होती.

"ताय भारी वल्हवतात," दादा हळूच म्हणाले.

तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. तो तंबूतच राहिला होता. मी जाऊन घेतला. विलासभाऊ होते.

"वैशाली आहे का?"

"आहेत ना. होडीत आहेत. वल्हवतायत."

ते घाईने म्हणाले, "अहो, तिला उतरवा आधी. तिला पाण्याची फार भीती वाटते. सव्वीस वर्षांत अलिबागला, गणपतीपुळ्याला, कुठे कुठे गेलो, पण ही कधी घोट्याच्या वर पाण्यात आली नाही. माझा हात घट्ट धरून काठावर उभी राहते."

होडी काठाला लागली. मी फोन ताईंच्या कानाला लावला, कारण त्यांचे हात ओले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चेहरा शांत होता, थोडा लाल झालेला.

"अहो," त्या म्हणाल्या, "भीती मला नव्हती. तुम्हाला पोहता येत नाही ना, म्हणून मी तुमचा हात धरून ठेवायचे."

मग त्यांनी मला फोन ठेवायची खूण केली आणि पुन्हा होडीत जाऊन बसल्या.